पावसाची कचेरी

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या प्रेमकथेला कांद्याचा वास येतो, आणि त्यात माझा काही दोष नाही. विंचूरची आत्या दर उन्हाळ्यात आमच्याकडे कांद्याच्या दोन गोणी पाठवायची. द्वारका चौकाच्या पलीकडे कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. गोणी ठेवायला घरात जागा नव्हती म्हणून त्या गॅलरीत जायच्या, आणि शांत बसून वाचायला घरात जागा नव्हती म्हणून मीही गॅलरीत जायचे. एक गोणी बसायला, दुसरी पाठ टेकायला. खालून कचऱ्याची घंटागाडी तिचं ठरलेलं गाणं वाजवत जायची, चौकातले हॉर्न दिवसभर चालू असायचे, आत आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत असायची आणि तव्यावर ठेच्याच्या मिरच्या पडल्या की आख्ख्या मजल्याला ठसका लागायचा. मी मात्र चीनमध्ये असायचे. साध्यासुध्या चीनमध्येही नाही, चीनच्या आभाळात.

ते पुस्तक मला किलोच्या भावाने मिळालं होतं. शहरात अधूनमधून वजनावर इंग्रजी पुस्तकं विकणारं प्रदर्शन लागायचं, तिथे कॉलेजची मैत्रीण मिसबाह हिच्याबरोबर मी गेले होते. तराजूचा काटा थोडा कमी पडत होता म्हणून तिने ढिगातलं हाताला लागलेलं एक जाडजूड पुस्तक वर टाकलं. मुखपृष्ठावर कमरेपर्यंत केस सोडलेला एक देखणा पुरुष ढगावर उभा, आणि त्याच्या लांब बाहीला धरून लोंबकळणारी एक वैतागलेली मुलगी. चिनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद, सहा भागांची मालिका, आणि आमच्या हाती लागलेला भाग तिसरा. तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी मी दोन दिवसांत त्याच्या पुरती प्रेमात पडले. मग पहिला आणि दुसरा मिसबाहने कुठून कुठून मिळवला, चौथा पार्सलने आला. पाचव्याचा आणि सहाव्याचा अनुवाद तेव्हा व्हायचा होता.

मालिकेचं नाव भलतंच लांब होतं. मी तिला मराठीत ‘पावसाची कचेरी’ म्हणायचे, कारण गोष्ट कचेरीचीच होती. स्वर्गात पावसाचं एक खातं असतं. कुठल्या गावाला किती पाऊस, केव्हा, किती वेळ, याचे हुकूम तिथून निघतात. त्या खात्यात मेइलिन नावाची अगदी खालच्या हुद्द्यावरची कारकून असते. तिच्या हातून एक हुकूम चुकतो आणि कोरड्या गावाचा पाऊस भलत्याच गावावर, तोही एका लग्नाच्या मांडवावर पडतो. हुकुमावर सही ड्रॅगन-राजपुत्राची असायला हवी, पण तो न वाचता सह्या करत असल्यामुळे आणि त्या दिवशी तेवढंही न केल्यामुळे दोघांनाही शिक्षा म्हणून पृथ्वीवर, त्याच कोरड्या गावात पाठवलं जातं. गावाला पाणी द्या, फाईल पूर्ण करा आणि मगच परत या. राजपुत्राला चूल पेटवता येत नाही. मेइलिनला स्वयंपाक येत नाही. दोघं एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि चारशे पानांत तो एकदा तिचं मनगट धरतो. ते पान आलं की मी पुस्तक मिटून छातीशी धरायचे आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. आता या वयात माझं पुष्कळ गंभीर साहित्य वाचून झालेलं आहे, त्यावर चार लोकांत बोलतेही, पण त्या मनगटाइतका आनंद मला कोणी दिला नाही हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

पप्पांना ते पुस्तक पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते कपाटावरची धूळ पुसत होते. आमच्या घरात देव्हारा नव्हता. जिथे तो असता त्या भिंतीशी काचेच्या दारांचं लोखंडी कपाट होतं, आणि त्यात पुस्तकं. पप्पा नांदगावकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी घरात छापील असं काही नव्हतं. नोकरी लागल्यावर ते एकेक पुस्तक आणत गेले. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, कोपरे आत दुमडलेले, कव्हरावर पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर शाईच्या पेनाने अनुक्रमांक आणि वर्ग. धम्म. कायदा. आरोग्य. शालेय. अनुक्रमांक एक म्हणजे आमचा धम्माचा ग्रंथ. त्याचं कव्हर तेवढं निळं, आणि तो पावसाळ्यात, वर्षावासात, विहारात वाचला जायचा. माझं चौथीचं भूगोलाचं पुस्तकसुद्धा त्या कपाटात क्रमांकासह होतं. पुस्तक कपाटात गेलं म्हणजे ते घरचं झालं, असा आमच्याकडचा रिवाज होता.

त्यांनी मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं आणि हे ढगावरचे गृहस्थ कोण असं विचारलं. मी उत्साहाने सगळं सांगितलं. स्वर्ग, त्यातले देव, ड्रॅगन, मागच्या जन्मीची ओळख. सांगता सांगताच मला कळत गेलं की मी खड्ड्यात उतरते आहे. पप्पा आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. ते फडकं झटकत म्हणाले, “तेहतीस कोटी खाली ठेवताना आमच्या बापाची कंबर मोडली, करुणा. तू चीनहून पार्सलने नवे मागवतेस?”

मी म्हटलं, मी ते मानते थोडीच, गंमत म्हणून वाचते. त्यावर ते म्हणाले, वाच ना, वाचायला मी कधी नाही म्हटलंय. फक्त कपाटात नको.

पुस्तक वाचू नको असं म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं, त्यांचा जीव गेला असता. पण ते ‘कपाटात नको’ मला फार लागलं. त्यांनी रागावून पुस्तक फाडलं असतं तर मी भांडले असते, रुसले असते, जेवले नसते. यात भांडायला काही जागाच नव्हती. चारही भाग बुटाच्या खोक्यात, खोकं पलंगाखाली. माझ्या अत्यंत आवडत्या माणसांना कोणीतरी दाराबाहेर बसवल्यासारखं मला वाटत होतं. मग मी हट्टाने एक गोष्ट केली. खाकी कागदाचा रोल आणला आणि चारही भागांना कव्हरं घातली, पप्पांनी शिकवली होती तशीच, कोपरे आत दुमडून. चिठ्ठ्या मात्र लावल्या नाहीत. चिठ्ठी लावायचा हक्क एकट्या पप्पांचा होता. त्यांनी कव्हरं पाहिली, एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि ऑफिसला गेले.

पप्पा कालव्याच्या पाण्याचं काम बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. पाण्याचं आवर्तन सुटायच्या दिवसांत ते उशिरा घरी यायचे, कपडे बदलायचे आणि बराच वेळ मोरीत हात धूत राहायचे. ऑफिसातलं घरात कधी बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याची आम्हाला इतकी सवय होती की त्यात काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. तेव्हापासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं. वंदना झाली की एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचण्याचा मान आईकडे होता. ती बालवाडीत शिकवायची, दिवसभर चाळीस पोरांना गाणी म्हणून दाखवायची, आणि संध्याकाळी त्याच आवाजात असं वाचायची की म्हातारी माणसं डुलक्या घ्यायचं थांबवून सरळ बसायची. पौर्णिमेला खीर असायची. त्या वर्षी वर्षावासाच्या आदल्या दिवशी पप्पांनी शिरस्त्याप्रमाणे ग्रंथाचं कव्हर बदललं. जुनं निळं काढलं आणि घरात उरलेला खाकी रोल होता, माझाच, त्याचं नवं घातलं. काय होणार आहे हे वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी आईचा आवाज बसला. बसला म्हणजे पूर्ण गेला, ओठ हलायचे आणि हवा बाहेर यायची. दुपारी तिने पाटीवर लिहून मला दाखवलं की आज तू वाच. मी तोवर विहारात कधी वाचलं नव्हतं. ग्रंथ घेऊन गॅलरीत गेले आणि त्या दिवसाची पानं दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. चांगली जमली. मग स्वतःला बक्षीस म्हणून चौथ्या भागातलं एक प्रकरण वाचायला घेतलं. एकाची दोन झाली. आतून आईने टाळ्या वाजवल्या, हाक मारता येत नव्हती म्हणून, आणि मी मांडीवरचं पुस्तक पांढऱ्या कापडात गुंडाळून धावले.

विहारात तीस-पस्तीस माणसं होती. पप्पा मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसले होते. वंदना झाली. मी पुढे जाऊन बसले, कापड सोडलं, पुस्तक चौरंगावर ठेवलं आणि उघडलं. इंग्रजी अक्षरं दिसली. मला आधी वाटलं की भीतीने डोळ्यांपुढे काहीतरी होतंय. मी पान उलटलं. तिथे मेइलिन राजपुत्राच्या डोक्यावर पिठाची परात उपडी करत होती.

दुपारी दोनदा म्हटलेलं मला जवळजवळ पाठ होतं. दोन-चार वाक्यं पाठ म्हणून वेळ मारून नेता येईल असा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण समोर आई बसली होती. तिच्या मानाच्या जागेवर मी बसले होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “माझ्याकडून चुकीचं पुस्तक आलंय. ग्रंथ घरी राहिला.”

मागे पप्पा उठल्याचा आवाज आला. चपला घालून ते घराकडे निघाले, माझ्याकडे न बघता. जायला दहा मिनिटं, यायला दहा. आईने मान खाली घातली होती आणि तिचे कान लाल झाले होते. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, पण फरशी नवीन बसवलेली होती.

सोनवणे मावशी सगळ्यांत वयस्कर. देणगीची फरशी जेव्हा बसत होती तेव्हा गवंड्याच्या मागे उभं राहून त्यांनी ती सरळ बसवून घेतली होती, त्यामुळे विहारात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी विचारलं, हे कोणतं पुस्तक मग. मी म्हटलं, चिनी गोष्ट आहे. कशाची? मी म्हटलं, पावसाच्या खात्यातल्या एका कारकून बाईची.

“बाई कारकून हाय?” मावशी म्हणाल्या. “मग सांग की. नुसतं बसून काय करायचं. पण हितं नको, मूर्तीसमोर दुसरं काय नाय वाचायचं. ओट्यावर चला.”

सगळ्या बायका उठून बाहेर ओट्यावर आल्या, मागून पुरुषही. पाऊस थांबला होता. मी पायरीवर बसले आणि जी गोष्ट दोन वर्षं एकटीने वाचली होती ती पहिल्यापासून मराठीत सांगू लागले. मेइलिन हे नाव मावशींना जमेना, त्यांनी पहिल्याच मिनिटाला तिची मालन केली. मग मालनचा हुकूम चुकला, पाऊस मांडवावर पडला, नवरदेवाचा फेटा पाण्यात विरघळला, तेव्हा पहिलं हसू आलं. राजपुत्राचं सही न करणं सांगितलं तेव्हा जिल्हा परिषदेत शिपाई असलेल्या एका काकांनी मोठ्याने हो हो म्हटलं. चौकशी समिती आली. स्वर्गातली चौकशी समिती विचारते, चूक कोणाची? आणि प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो, शेवटी बोट मालनवर येऊन थांबतं, कारण तिच्या खाली कोणीच नसतं. मालन म्हणते, कागद मीच घातला, पण तपासायला नेमलेले सात जण काय करत होते? तिथे आई हसली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला असं हसताना पाहून माझी भीती पार गेली.

आणि मग मला पप्पा दिसले. ग्रंथ छातीशी धरून ते पिंपळाच्या पारापाशी उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे. त्यांना पाहून मी थांबायला हवं होतं. त्यांनी हाताने खूण केली, चालू दे. चौकशी समितीचं प्रकरण संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी आत जाऊन ग्रंथ चौरंगावर ठेवला, सगळे पुन्हा आत येऊन बसले, आणि मी त्या दिवशीची पानं वाचली. माझ्याकडून ती बरी वाचली गेली. आईने नंतर पाटीवर लिहिलं, घाई करू नकोस, बाकी छान.

घरी जाताना आई मावशींबरोबर पुढे होती. मी आणि पप्पा मागे. मी बोलणी खायला तयार होते. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी ओलांडल्यावर ते म्हणाले, “मग त्या फाईलवर सही झाली का?”

मी म्हटलं, अजून नाही, चार भाग झाले तरी नाही. ते म्हणाले, होणार नाही, इतक्यात होत नसते.

थोडं पुढे जाऊन ते आपणहून बोलू लागले. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. कालव्याच्या दोन चाऱ्यांना, म्हणजे फाट्यांना, पाणी सोडायचे दोन हुकूम त्यांनी टाईप केले होते आणि पाकिटांत घालताना अदलाबदल झाली. ज्या गावांच्या शेतांचं भरणं होऊन गेलं होतं तिथे पाणी गेलं, आणि ज्यांचा गहू उभा सुकत होता ते दोन दिवस कोरड्या चारीपाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी चूक सुधारली. पाकिटांवर वरच्या तिघांच्या सह्या होत्या. चौकशीत फक्त पप्पांना उभं केलं. कोट्यातून आलेली माणसं अशीच कामं करणार, असं एक जण तिथेच म्हणाला होता. आणि पप्पा खाली मान घालून चूक माझी म्हणाले होते. तेव्हापासून प्रत्येक पाकीट ते बंद करून पुन्हा उघडून बघायचे.

“तुझी ती मालन बोलली बघ,” ते म्हणाले. “सात जण काय करत होते. मला सुचलंच नव्हतं गं.” आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते हसायला लागले. माझे पप्पा असे हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. मलाही हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम.

उरलेला वर्षावास रोज ग्रंथ झाल्यावर ओट्यावर अर्धा तास मालनचा असायचा. पप्पांनी देवांचा विषय पुन्हा काढला. ते म्हणाले, यातले देव पूजेच्या लायकीचे नाहीत, त्यामुळे चालतील. अश्विनी पौर्णिमेनंतरच्या रविवारी त्यांनी कपाट पुसायला काढलं आणि मला खोकं आणायला सांगितलं. चार चिठ्ठ्या कापल्या. क्रमांक घातले. वर्गापाशी पेन थांबलं. धम्म नाही, कायदा नाही. कथा-कादंबरी असा वर्ग आमच्या कपाटात नव्हताच. बराच विचार करून त्यांनी चारही चिठ्ठ्यांवर लिहिलं, कार्यालयीन. मग ती पुस्तकं वरून दुसऱ्या कप्प्यात लावली आणि शेजारी दोन पुस्तकांची जागा मोकळी सोडली.

पाचवा भाग माझ्या लग्नाच्या वर्षी आला. सहाव्याला फार वेळ लागला, तोवर पप्पा निवृत्त झाले होते आणि त्यांचा उजवा हात थरथरायचा. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांना तो मराठीत वाचून दाखवला. कोरड्या गावाला पाणी मिळालं, राजपुत्राने चूल पेटवली, आणि शेवटून दुसऱ्या पानावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक कागद नीट वाचून त्यावर सही केली. पप्पा म्हणाले, झाली एकदाची. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि चिठ्ठी मला लिहायला लावली. मी क्रमांक लिहिला, खाली कार्यालयीन लिहिलं, आणि गमतीने विचारलं, आता पुढे ‘निकाली’ लिहू का?

“नको,” ते म्हणाले. “निकाली फाईल पुन्हा कोणी उघडत नाही. प्रलंबित लिही.”

कपाट आता माझ्या घरात आहे. पप्पा नाहीत. चिठ्ठ्यांवरची त्यांची शाई पुसट होत चालली आहे, सहाव्यावरची माझी अजून ठळक दिसते. दर वर्षावासात ग्रंथ वाचून झाला की मी दुसऱ्या कप्प्यातून पहिला भाग काढते.